दुसरी भट्टी

तिच्या घरातलं एकही बेसिन धड नव्हतं. न्हाणीघरातल्या बेसिनच्या काठाला टवका उडालेला, स्वयंपाकघरातल्याच्या पोटात केसाएवढी रेघ, आणि जेवणाच्या टेबलाजवळचं एका अंगाला असं कललेलं की त्यावरचा साबण ठेवल्या जागी कधी सापडायचाच नाही. बाबा बेसिनच्या कारखान्यात होते आणि तपासणीत नापास झालेला माल कामगारांना जवळजवळ फुकट मिळायचा. नात्यात कुणी घर बांधायला काढलं की बाबा सगळ्यांच्या आधी विचारायचे, “बेसिन किती लागतील?” त्यावर समोरचा माणूस विषय बदलायचा.

कारखान्यातून माल बाहेर पाठवणाऱ्या खात्याचे बाबा प्रमुख होते. रोज संध्याकाळी त्या कलत्या बेसिनवर हात धुऊन ते टेबलाशी बसत, आई पहिलं वाढता वाढता विचारी, “मग, आज काय?” आणि अख्खा कारखाना जेवायला येई. आईने कारखाना आतून कधी पाहिला नव्हता, पण तिथली माणसं तिला टोपणनावांसकट पाठ होती. त्यात तिचा लाडका म्हणजे भोंगा. हा गेटवरच्या वजनकाट्यावर बसायचा, भरलेल्या ट्रकचं वजन करून चिठ्ठी द्यायचा आणि ट्रक हलेपर्यंत ड्रायव्हरचे कान खायचा. कारखान्याच्या भोंग्याला निदान ठरलेल्या वेळा होत्या, ह्याला त्याही नव्हत्या. लहानपणी एकदा ती बाबांबरोबर गेली होती तेव्हा ह्याच भोंग्याने तिला ट्रकच्या काट्यावर एकटीला उभं केलं होतं. काटा जागचा हलला नाही. “वजनच नाही पोरीला! घरी घालत नाहीत का काही?” असं तो गेटभर ओरडला होता, आणि ती घरी येईपर्यंत हसत होती.

आता ती फायनान्सच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. बाबांना तिचा विषय धड कळत नसे, पण अभिमान असा की विचारू नका. ती कॉलेजातून आली की ते तिच्यासाठी खुर्ची मागे ओढत आणि म्हणत, “या बाईसाहेब. बाजार काय म्हणतो?” ती काहीबाही सांगे. बाबा शेजाऱ्याला तेच दुप्पट करून सांगत.

कॉलेजात मात्र तिचे वडील कुठे असतात हे कुणाला माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं. वर्गात कुणाचे वडील बँकेत वरच्या जागेवर, कुणाचे सल्लागार, कुणाचं स्वतःचं ऑफिस. त्यांच्यापुढे ‘माझे बाबा बेसिनचे ट्रक भरून घेतात’ म्हणायची तिला लाज वाटायची. हे तिला शोभणारं नव्हतं, पण होतं ते असं होतं.

त्यांना गुंतवणूक शिकवणाऱ्या सरांना पोरं ‘चक्रवाढ’ म्हणत, कारण उशिरा दिलेल्या कामाचे गुण ते त्याच हिशेबाने कापायचे. चक्रवाढ सरांचा एक लाडका उद्योग होता. त्याला ते ‘खंडन’ म्हणत. एका विद्यार्थ्याने एक कंपनी निवडायची आणि तिचे शेअर का घ्यावेत ते शुक्रवारी सगळ्यांपुढे पटवून द्यायचं. दुसऱ्याने ते मोडून काढायचं. मोडणारा कोण, ते सोमवारी चिठ्ठी टाकून ठरे. चिठ्ठी उघडली की सर न चुकता विचारत, “कुणाच्या घरचं कुणी ह्या कंपनीत? कुणाकडे हिचे शेअर?” आणि सगळा वर्ग शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीवर म्हणे, “ना-ही, सर!” मग सर हसत, पोरं हसत आणि तास सुटे.

त्या सोमवारी ‘टाय’ने कंपनी जाहीर केली ती बेसिनची. टाय म्हणजे वर्गातला पहिला नंबर. तो उन्हाळ्यातसुद्धा टाय लावून यायचा. त्याने कंपनीचं नाव घेतलं तेव्हा तिला हसूच आलं, आज घरी बाबांना सांगायला किती मजा येईल. तेवढ्यात चिठ्ठी उघडली. तिचंच नाव. आणि सर म्हणाले, “शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. आपलेच जुने विद्यार्थी. मोठ्या गुंतवणूक कंपनीत आहेत, आणि सुट्टीतल्या कामासाठी एकाला निवडणार आहेत. तयारी करून या. हं, कुणाच्या घरचं कुणी ह्या कंपनीत?”

“ना-ही, सर!” वर्ग म्हणाला, आणि तीही म्हणाली. नुसते ओठ हलवले, आवाज बाहेर आला नाही, अशी सोय तिने नंतर स्वतःसाठी करून पाहिली. पण ते खरं नव्हतं. ती चांगली मोठ्याने म्हणाली होती. ‘हो’ म्हटलं असतं तर चिठ्ठी दुसऱ्याकडे गेली असती, आणि पाहुण्यांपुढे दुसरंच कुणीतरी उभं राहिलं असतं. तिला ते नको होतं.

मी छापलेलंच वापरीन, असं तिने मनाशी ठरवलं. कंपनीचे अहवाल, बाजाराचे आकडे, वर्तमानपत्रं. घरातलं काही नाही. त्या रात्री तिने बाबांनाही काही सांगितलं नाही.

बुधवारी बाबा अंधार पडायच्या आधीच घरी आले. आईने विचारायच्या आधीच बोलू लागले.

“दुसरी भट्टी विझवली.”

“मग? पेटवतील की परत,” आई म्हणाली.

“तुझा गॅस आहे का तो? अगं, भट्टी कधी विझवतच नाहीत. माल ह्या तोंडाने आत जातो, त्या तोंडाने भाजून बाहेर येतो, बारा महिने. विझवली की गार व्हायला कितीतरी दिवस जातात, आणि पुन्हा पेटवताना आतल्या विटा तडकतात. विझवली म्हणजे इतक्यात पेटवायची नाही. मालाला उठावच नाही. माझे ट्रक अर्धे भरून जातायत.” बाबांनी घास घेतला, चावला, आणि बोट वर केलं. “पण हे ह्या टेबलाबाहेर जाता कामा नये. साहेबांनी आम्हा चार डोक्यांना बोलावून बजावलंय. महिनाअखेरीला कंपनी स्वतः जाहीर करणार आहे.”

“मी कुणाला सांगू? बेसिनला?” आई म्हणाली.

बाबा हसले. तीही हसली. तिचे कान मात्र टवकारले होते. मागच्याच सत्रात ह्या विषयावर प्रश्न आला होता: कंपनीने अजून जगाला न सांगितलेली गोष्ट आतल्या माणसाकडून कळली तर काय करावं? काही करू नये, कुणाला सांगू नये, व्यवहार तर मुळीच करू नये. तिने दोन पानं भरून उत्तर लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळवले होते. सर ते उत्तर पुढच्या वर्गालाही वाचून दाखवतात असं ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

अजूनही वेळ गेली नव्हती. गुरुवारी सरांच्या खोलीत जाऊन सांगता आलं असतं. ती दारापर्यंत गेलीही, पण आत टाय बसला होता. मग ग्रंथालयात जाऊन तिने आणखी एक तक्ता काढला.

शुक्रवारी वर्गात इस्त्रीचा वास येत होता. पाहुणा पहिल्या रांगेत बसला होता; तरुण, बोलायला गोड, आणि हातात पेन असं धरलेलं की तो काय लिहितोय हे प्रत्येकाला पाहावंसं वाटावं. टाय सुरेख बोलला. पूर्वी घराला एक न्हाणीघर असे, आता खोलीला एक असतं. घरं वाढतायत, खोल्या वाढतायत, म्हणजे बेसिनं वाढणारच. कंपनीने दोन वर्षांपूर्वी दुसरी भट्टी उभारली ती ह्याच विश्वासावर, असं सांगून त्याने भट्टीचा मोठा फोटो पडद्यावर लावला. ती उठली. तिने उधारीवर बोट ठेवलं, टायने ते झटकलं. तिने वाढत्या खर्चाचं काढलं, टायकडे त्याचाही तक्ता तयार होता. “विरोधकांनी अहवालाचं पुढचं पान वाचलेलं दिसत नाही,” असं तो गोड आवाजात म्हणाला आणि वर्ग हसला. पाहुणाही हसला. त्याने पेनाचं टोपण लावलं.

ते टोपण लागलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“फोटो जुना आहे,” ती म्हणाली. “दुसरी भट्टी बंद आहे. विझवलीय. आणि ही भट्टी तात्पुरती विझवत नाहीत. पुन्हा पेटवताना आतल्या विटा तडकतात. ट्रक अर्धे भरून बाहेर पडतायत.”

टायने आपल्या कागदांत खाली पाहिलं. पाहुण्याने टोपण काढलं आणि विचारलं, “हे कुठे वाचलंत?”

“वाचलं नाही. प्रत्यक्ष चौकशी केली.” आता मागे फिरायला वाट नव्हती, निदान तिला तसं वाटलं. “मी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. ट्रक पाहिले. गेटवरच्या लोकांशी बोलले.”

“शाब्बास!” पाहुणा सरांकडे वळून म्हणाला. “सर, आमच्याकडची पगारी माणसं एवढे कष्ट घेत नाहीत.” सर खुशीत होते. टाळ्या वाजल्या. आणि टाय, ज्याला ती तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या देत होती, तो जवळ येऊन म्हणाला, “मला सुचलंच नाही गं गेटवर जायचं. मानलं तुला.” त्याने ते इतक्या मनापासून म्हटलं की तिला त्याच्याकडे पाहवेना.

संध्याकाळी निवड झाल्याचा निरोप आला. आईने शेजारच्यांना बोलावून तोंड गोड केलं. बाबांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “बाईसाहेब, आता आम्हाला ओळख द्याल ना?” ती कुठल्या विषयावर बोलली ते तिने सांगितलं नाही, आणि आनंदाच्या भरात ते कुणी विचारलंही नाही. बाबांना ते सांगण्याचा आनंद मात्र तिला मिळू शकला नाही.

पुढच्या आठवड्यात शेअरचा भाव घसरू लागला. पाहुण्याने आपल्या ऑफिसात जाऊन कंपनीला सरळ फोन केला होता, तुमची दुसरी भट्टी बंद आहे हे खरं का? कंपनीच्या साहेबांची तारांबळ उडाली. ज्याने त्याने हात वर केले. तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी उलट विचारलं. पाहुणा म्हणाला, कॉलेजची एक मुलगी तुमच्या गेटवर उभी होती, तिला तुमच्याच माणसांनी सांगितलं. हे सगळं तिला कॉलेजात कळलं नाही. ते तिला घरी, जेवणाच्या टेबलावर कळलं.

“मग, आज काय?” आईने विचारलं होतं.

“आज वाईट झालं,” बाबा म्हणाले. “भट्टीची बातमी फुटली. कॉलेजची कुणी पोरगी गेटवर येऊन सगळं विचारून गेली म्हणे. आता गेटवर बोलणारं कोण आहे, तूच सांग.”

“भोंगा,” आई म्हणाली, आणि लगेच तिने हात तोंडावर ठेवला.

“मी सांगितलं नव्हतं त्याला, पण अर्धे ट्रक त्याच्याच काट्यावरून जातात. त्याला न सांगताही कळणार. साहेबांनी मला लेखी मागितलं, तुमच्या खात्यातून कोण बोललं असेल. मी त्याचं नाव दिलं. काय करणार? दुसरं कुणी डोळ्यापुढे येईना.” बाबांनी ताट जरा पुढे सरकवलं. “तो शपथा घेतोय, कुठलीच पोरगी आली नव्हती म्हणून. त्याला घरी बसवलंय. चौकशी झाली की काढतील.” मग ते तिच्याकडे वळले. “तुमच्या कॉलेजची नाही ना गं ती? कुणी ओळखीची?”

“नाही,” ती म्हणाली.

हे ‘नाही’ वर्गातल्या ‘नाही’पेक्षा सोपं गेलं, आणि ह्याचीच तिला जास्त भीती वाटली. ती उठून त्या कलत्या बेसिनवर हात धुऊ लागली आणि धूत राहिली. तिला स्वतःची किळस आली होती. आपण शहाण्या आहोत, वर्गात सगळ्यांत हुशार आहोत, असं तिला वाटायचं. आणि ह्या हुशारीने काय केलं, तर उभ्या जन्मात तिच्याबद्दल वाईट शब्द न काढलेल्या माणसाला गेटवरून उठवलं. आपण गेटवर उभ्या होतो हे एक वाक्य तिने शोभेसाठी जोडलं होतं. त्याच वाक्याने भोंग्याकडे बोट दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा घरी आला.

दार तिनेच उघडलं. तो आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला, आणि काही बोललाच नाही. आईने पाणी दिलं ते त्याने हातात धरून ठेवलं. भोंगा गप्प बसलेला त्या घरात कुणी पाहिला नव्हता. बाबा समोर बसले आणि जमिनीकडे पाहू लागले.

“साहेब, मी बडबड्या आहे,” शेवटी तो म्हणाला. “सगळं मान्य. बायकोसुद्धा तेच म्हणते, तूच बोलला असशील. अहो, माझी बायको! पण मी तुम्हाला सांगतो, कुणी पोरगी आली नाही. आली असती तर मी तिला चहा पाजला असता, घरदार विचारलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्याला सांगितलं असतं की कॉलेजची पोरगी मला भेटायला आली होती. मी ते पोटात ठेवणारा माणूस आहे का?”

खरंच होतं ते. एवढ्या वर्षांत भोंगा एकदाच बोलला नव्हता, आणि नेमका त्यावरच कुणाचा विश्वास बसत नव्हता.

भोंगा तिच्याकडे वळला. “तू तर हेच शिकतेस ना, बाळ? तूच सांग तुझ्या बाबांना. आमच्या गेटवरून भट्टी दिसत नाही. मधे गोदाम आहे. आणि विटा तडकतात वगैरे ती पोरगी बोलली, असं चौकशीत म्हणाले. विटांचं मला कुठून माहीत? मी तर काट्यावरचा माणूस.”

बाबांनी मान वर केली.

विटांचं त्यांनी कुणाला सांगितलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांपुढे येत असावं. ते अजून आईकडे पाहत होते, तिच्याकडे नाही. त्यांना ते स्वतःचं स्वतः कळायच्या आत आपण बोललं पाहिजे, एवढं एकच तिला सुचलं.

“ती मी होते,” ती म्हणाली. “गेटवर कुणी आलं नव्हतं. मी इथे ऐकलं आणि वर्गात सांगितलं. गेटचं खोटं होतं. काका, तुमचं नाव मी घेतलं नव्हतं, पण... मीच.”

आईच्या हातून झाकण पडलं आणि गरगर फिरत राहिलं.

“मी बाहेर बोलू नका म्हणालो होतो,” बाबा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते प्रश्न विचारल्यासारखं म्हणाले, जणू आपणच तसं म्हणालो होतो की नाही ह्याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

“हो.”

“आणि काल मी तुला विचारलं.”

“हो, बाबा.”

बाबा उठले आणि आत जाऊन शर्ट बदलून आले. बटणं वरखाली लागली होती. आईने पुढे होऊन ती नीट लावली. “चल,” ते भोंग्याला म्हणाले, “साहेबांकडे जाऊ. आत्ताच.”

भोंग्याचा चेहरा मगाशी उजळला होता, पण आता तो घाबरला. “अहो, पण मग तुमचं... उद्या जाऊ. नाहीतर असं करू, कुठूनतरी कळलं असेल म्हणू. पोर आहे, चुकली.”

“मी लेखी दिलंय तुझं नाव,” बाबा म्हणाले. “लेखी.”

“मी येते बरोबर. मी सांगते त्यांना,” ती म्हणाली.

“तू नको.”

दारात भोंगा क्षणभर थांबला. तिच्यावर रागवावं की काय करावं हे त्याला कळत नव्हतं. रागवायची त्याला सवय नव्हती. “बरं झालं बोललीस,” एवढंच तो म्हणाला. ते शब्द तिने शिवी समजून घेतले, कारण शिवीच तिला हवी होती. ते गेल्यावर आईने टेबल आवरायला घेतलं. “काही बोल ना गं,” ती आईला म्हणाली. आई म्हणाली, “मला वाटायचं, आपल्या घरात मोठा आवाज नाही, भांडणं नाहीत, लेक शिकतेय. जेवताना सगळे हसतात. ह्याहून काय हवं?” आणि तिने फडका उगाच पिळला.

सोमवारी ती चक्रवाढ सरांकडे गेली. ह्या खेपेला दारात थबकली नाही. सर्व सांगून झाल्यावर सरांनी चष्मा काढला. “तू ‘हो’ म्हणाली असतीस तर मी दुसरी चिठ्ठी उघडली असती. एवढंच होतं ते.” मग म्हणाले, “मीसुद्धा विचारतो ते असं, की कुणी ‘हो’ म्हणूच नये. गाणं करून ठेवलंय मी त्याचं.” पण ह्याने तिचं काही हलकं झालं नाही, आणि सरांनीही तसा आव आणला नाही. सुट्टीतलं काम गेलं, विषयात ती नापास झाली, आणि सत्र पुन्हा करायचं ठरलं. टायने वर्गाबाहेर विचारलं, “म्हणजे तू गेटवर गेलीच नव्हतीस?” ती नाही म्हणाली. तो बिचारा मागच्या शनिवारी दुसऱ्या एका कारखान्याच्या गेटवर जाऊन दिवसभर उन्हात उभा राहून आला होता.

बाबांचं काय होणार, ह्या एका गोष्टीवर तिचं सगळं लक्ष लागलं होतं. ते रोज ठरल्या वेळी जात, ठरल्या वेळी येत. साहेबांच्याही वरचे साहेब येऊन गेले. नोकरी राहील की नाही हे कुणी सांगत नव्हतं. त्या दिवसांत जेवताना आई “मग, आज काय?” विचारायची नाही. वाढायची, बसायची, पाणी हवं का म्हणायची. बाबा “झालं,” म्हणून उठायचे. तिला वाटे, निकाल लागू दे, वाईट तर वाईट, मग घर पुन्हा बोलू लागेल. ती सुटेल असं नाही, पण बोलणं तरी सुरू होईल.

निकाल लागला त्या संध्याकाळी भोंगा पुन्हा काट्यावर बसलेला तिने स्वतः पाहिला. ती खरोखरच त्या गेटवर गेली होती. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. भोंगा एका ड्रायव्हरला हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ड्रायव्हर निघण्यासाठी धडपडत होता. भट्टी तिथून दिसत नव्हती. मधे गोदाम होतं. थोड्या वेळाने भोंग्याची नजर तिच्यावर पडली. त्याने हात हलवला नाही, तोंडही फिरवलं नाही. ड्रायव्हरला चिठ्ठी दिली, ती रस्ता ओलांडून आली तसा खिडकीतून बाहेर वाकला आणि म्हणाला, “बाबांना काढलं नाही. पण खातं काढून घेतलंय. नापास मालाच्या शेडमधे बसवलंय त्यांना.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं.”

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

बाबा घरी आले तेव्हा टेबल मांडलेलं होतं. त्यांनी हात धुतले, घसरलेला साबण उचलून पुन्हा जागेवर ठेवला, आणि आपल्या खुर्चीवर बसले. तिची खुर्ची ओढायला ते थांबले नाहीत. ती तिने स्वतःच ओढली. आईने वाढलं. त्यांच्याकडे पाहून आईला बहुधा कळलं असावं की आज काहीतरी ठरलंय, आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “मग? आज काय?”

बाबांचं तोंड उघडलं. शेडमधलं काहीतरी, कुणाचं तरी टोपणनाव, कदाचित हसण्यासारखंसुद्धा काही, त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा तिला चांगला वाचता यायचा. मग त्यांची नजर टेबलावरून फिरत तिच्यापर्यंत आली आणि थांबली. त्या नजरेत राग नव्हता. नवख्या माणसासमोर घरचं बोलावं की नाही, हे ठरवताना माणूस पाहतो तसं ते पाहत होते.

“तू जेव,” ते तिला म्हणाले. आणि आईला म्हणाले, “तुला नंतर सांगतो.”